खालच्या पाइपचा क्लॅम्प

मी लिहायला बसलो, हेच आधी माफ करा. लिहिणं ज्यांना जमतं त्यांनी लिहावं, असं मला मनापासून वाटतं. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आजवर जे लिहिलं ते जर्नल, प्रयोगांचे निष्कर्ष, आणि डिप्लोमाच्या वेळचा एक प्रोजेक्ट रिपोर्ट. त्या रिपोर्टात एक वाक्य खोटं आहे. ते मी लिहिलं. त्या एका वाक्यामागं जे आहे ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — आईला नाही, वडिलांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच.

मग सरळ सांगून मोकळं व्हावं ना? तीनदा सुरुवात केली. तिन्ही वेळा हात गाडीच्या वर्णनाकडं वळला. असू दे. गाडीपासूनच सांगतो, पण तुम्ही मला मधेच सोडू नका. मी मुद्द्यापर्यंत येईन. यावंच लागेल.

गाडी बिभीषणच्या थोरल्या भावाची. बिभीषण म्हणजे माझा डिप्लोमाचा जोडीदार. शहरातल्या एका पॉलिटेक्निकमध्ये आम्ही तीन वर्षं एका बाकावर बसलो, वर्कशॉपमध्ये एकाच बाकड्यावर कानस चालवली. तो खुलताबादच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वस्तीवरचा. घरची मेंढरं; वडील, आजोबा सगळे मेंढरांमागं हिंडलेले. मी करमाडजवळचा. घरी कोरडवाहू शेती, वडील शेंद्र्याला एका कंपनीच्या गेटवर उभे असतात. दोघांच्याही घरात कॉलेजची पायरी चढणारे पहिले आम्हीच. म्हणजे आम्ही सारखेच होतो. पण तसं कुणी म्हटलेलं मला आवडायचं नाही — हेही लिहून ठेवतो. आमच्याकडं जमीन होती, त्यांच्याकडं मेंढरं. एवढ्याशा फरकावर मी तीन वर्षं उंच उभा राहिलो.

वर्गात मी पुढं. इंग्रजीत उत्तरं मी लिहायचो, तोंडी परीक्षेत आधी हात मी वर करायचो. बिभीषण इंग्रजीत अडखळायचा, आणि तो अडखळला की मी त्याचं वाक्य पुरं करायचो. मदत म्हणून? लोकांना तसं वाटायचं. पण वर्कशॉपमध्ये उलटं होतं. तिथं मुलं त्याच्याभोवती जमायची. सर एखाद्या जोडणीवर हात ठेवून म्हणायचे, "हे बिभीषणनं आवळलंय ना? मग बघायची गरज नाही." माझ्या जोडणीवर मात्र ते पाना फिरवून बघायचे.

हे मला किती लागायचं ते मी कधी दाखवलं नाही.

त्याच्या भावाला सगळे रावसाहेबदादा म्हणत. दादाची पिकअप होती. लोकांची मेंढरं-बकऱ्या भरून तो बाजारोबाजार फिरायचा, आणि त्या गाडीवर त्यांचं घर चालायचं. गाडीला टर्बो होता, इंटरकूलर नव्हता. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो; दाबलेली हवा तापते, आणि तापलेल्या हवेत दम कमी असतो. इंटरकूलर ती हवा मधेच थंड करतो. हवेचा रेडिएटर म्हणा. तो गाडीच्या नाकावर लावला की वारं थेट त्याच्यावर येतं, आणि चढावर गाडीला जोर येतो. आम्ही शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून तेच घेतलं. एका मोठ्या गाडीचा जुना इंटरकूलर भंगार बाजारातून शोधला. ब्रॅकेट बिभीषणनं वेल्ड केले, पाइप त्यानं वळवले. त्या जोडणीत जागा करायला रेडिएटरचा खालचा पाइप काढावा लागला होता, तो त्यानंच परत बसवला, पाइप जागेवर धरून ठेवणारा क्लॅम्प त्यानंच आवळला. मी रिपोर्ट लिहिला.

पण एक अडचण असते, आणि ती त्यानं माझ्याआधी ओळखली. इंटरकूलर बसतो रेडिएटरच्या बरोबर समोर. म्हणजे इंजिनाचं पाणी थंड करणारी जी हवा, ती आता आधी इंटरकूलरमधून गाळून यायची — अडलेली आणि वर गरम झालेली. सपाट रस्त्यावर वेगात काही कळत नाही. कळतं ते घाटात, भरल्या गाडीला, दुसऱ्या गिअरवर. तिथं वारं नसतं. मागचा पंखा जेवढी ओढील तेवढीच हवा.

जोडणी झाली त्या दिवशी बिभीषणनं गाडी सुरू केली आणि वर्तमानपत्राचं एक पान समोर जाळीला लावलं. गॅरेजवाले करतात असं. पंखा हवा नीट ओढत असेल तर पान चिकटून राहतं. आधी ते चिकटत होतं. आता त्यानं हात काढला आणि पान घसरून खाली पडलं. परत लावलं, परत पडलं.

"पेपर वाचायला असतो, बिभ्या," मी म्हटलं. पोरं हसली. तोही हसला. मग पान उचलून, घडी घालून त्यानं खिशात ठेवलं.

"आत जायच्या ऐवजी बाजूनं पळायलीय हवा," तो म्हणाला. "मेंढरावानी असती ती. म्होरं अडचण दिसली की मोकळ्या अंगानं निघून जाती. दोन्ही बाजूला माणसं उभी कराय लागतेत."

दुसऱ्या दिवशी त्यानं ती माणसं उभी केली. मेसमधून तेलाचा रिकामा डबा आणला, त्याच्या पत्र्याच्या दोन लांब पट्ट्या कापल्या, कडेला जुन्या ट्यूबचं रबर लावलं. इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मधली फट दोन्ही बाजूंनी बंद. वरून सरकवायच्या, प्रत्येकी एक स्क्रू. पान चिकटलं. मग दादाच्या गाडीत वाळूच्या गोण्या भरून आम्ही दौलताबादच्या पुढं घाटात गेलो, आणि तापमानाचा काटा मधल्या रेघेच्या जरा वर जाऊन थांबला. पट्ट्या काढून पाहिलं, तर अर्ध्या घाटातच काटा लालाकडं निघाला. बिभीषणनं गाडी थांबवली, ती निवू दिली, पट्ट्या परत घातल्या. त्यानं आकडे सांगितले, मी लिहून घेतले.

म्हणजे बघा — मला माहीत होतं. अज्ञानाचा बहाणा माझ्याकडं नाही.

मग प्रदर्शन आलं. सगळ्यांचे प्रोजेक्ट मैदानात मांडायचे, बाहेरून परीक्षक येणार, पालकांनाही बोलावलेलं. माझे वडील पहिल्यांदाच कॉलेजात येणार होते. आमच्या गाडीची पुढची जाळी काढून ठेवली होती, आत काय बसवलंय ते दिसावं म्हणून. आणि दिसत काय होतं? चकचकीत इंटरकूलरच्या दोन्ही बाजूंना तेलाच्या डब्याचा पत्रा, आणि एका पट्टीवर अर्धं सूर्यफूल. शेजारच्या ग्रुपमधला एक जण म्हणाला, "काय रे, फोडणी देता का इंजिनला?" सगळीकडं तेच झालं. येणारा जाणारा फोडणी, भजी, काय काय विचारायला लागला. बिभीषण त्यांच्याबरोबर हसत होता. मला हसू येत नव्हतं. वडील येणार होते.

मी पट्ट्या काढल्या. बिभीषणनं बघितलं. "आजच्यापुरतं काढ," तो म्हणाला, "पण गाडी जायच्या आधी घाल."

परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं — रेडिएटरची हवा अडते, त्याचं काय केलं? मी आकृती दाखवली, पट्ट्यांची कल्पना समजावली, बाजूनं पळणाऱ्या हवेबद्दल इंग्रजीत बोललो. मेंढरं काढून टाकली आणि बाकी सगळं बिभीषणचं वाक्य वापरलं. परीक्षकांनी मान डोलावली. बिभीषण मागं उभा होता. मी त्याच्याकडं वळलो नाही. वडिलांनी दुरून बघितलं आणि टोपी नीट केली.

दुसऱ्या दिवशी बिभीषणचा एका राहिलेल्या विषयाचा पेपर होता, म्हणून तो दुपारीच हॉस्टेलवर गेला. जाताना परत एकदा म्हणाला पट्ट्यांचं. दादा गाडी न्यायला ठरल्यापेक्षा लवकर आला. मी वडिलांना कँटीनमध्ये चहा पाजत होतो, सरांशी त्यांची ओळख करून देत होतो. उठून गेलो, जाळी बसवून दिली, किल्ली दिली. पट्ट्या माझ्या बॅगेत होत्या. आठवण नव्हती? होती. पण वडील वाट बघत होते, हात काळे झाले असते, आणि मनात आलं — एका दिवसानं काय होतंय.

खोलीवर आल्यावर बिभीषणनं पुस्तकातून मान वर करून विचारलं, "घातल्या?"

मी म्हटलं, "हो."

"राहिल्या" — एवढं म्हणता आलं असतं. त्यानं भावाला फोन करून सांगितलं असतं. पण मग त्यानं मला समजावलं असतं, त्या शांत आवाजात, सरांसारखं. ते मला नको होतं. आजही मला त्या "हो"चं दुसरं कारण सापडत नाही.

सकाळी बिभीषण पेपरला गेला, फोन बंद करून. साडेदहाच्या सुमाराला दादाचा मला फोन.

"इंजिनिअर साहेब, काटा चढायलाय हो. मेंढरं भरून घाटात हाय मी. बिभ्याचा फोन लागंना."

मी काय म्हणावं? थांबा म्हणावं. गाडी बंद करा म्हणावं. पण दादा थांबला असता तर त्यानं बॉनेट उघडून बघितलं असतं, आणि पट्ट्या नाहीत हे त्याला दिसलं असतं. मी म्हटलं, "नवं काम आहे दादा, थोडा चढणारच. सावकाश चालू ठेवा."

"बरं," तो म्हणाला. शिकलेल्या माणसानं सांगितलं होतं.

अर्ध्या तासानं परत फोन. आतून कायतरी कडकन वाजलं, गाडी धक्का देऊन थांबली, वाफेनं काही दिसंना. मी येतो म्हटलं. वर्गातल्या एकाची मोटारसायकल घेतली, आणि खोलीतून निघताना बॅगेतल्या पट्ट्या काढल्या नाहीत. बॅग तशीच पाठीवर. म्हणजे काय करायचं ते मी निघतानाच ठरवलं होतं का? रस्त्यात ठरवलं? मला खरंच सांगता येत नाही. बॅग पाठीवर होती, एवढं खरं.

आता येतो मुद्द्यावर.

घाटातल्या वळणावर गाडी उभी होती. ऊन कडक. दादा आणि मेंढरांचा मालक मेंढरं उतरवून खालच्या अंगाला एका लिंबाखाली नेत होते. दादानं दुरून हात केला आणि परत कळपाकडं वळला. गाडीआधी त्याला मुकी जनावरं उन्हातून काढायची होती; बॉनेट अजून बंदच होतं. त्याची माझ्याकडं पाठ होती. मी बॉनेट उघडलं. पाणी उकळून वरच्या झाकणातून गेलं होतं. मी बॅगेतून पट्ट्या काढल्या, दोन्ही बाजूंनी आपापल्या जागी सरकवल्या, स्क्रू आवळले. एक मिनिट लागलं असेल. मग मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली वाकलो आणि रेडिएटरच्या खालच्या पाइपचा क्लॅम्प सैल केला. आधी दोन वेढे. मग अजून एक. पाइप हातानं जरा पिळला. आत उरलेलं पाणी माझ्या मनगटावर आलं, चांगलं भाजलं. मी ओरडलो नाही.

तो क्लॅम्प बिभीषणनं आवळलेला होता. तीन वेढे सोडायला मला दोन्ही हात लावावे लागले, इतका घट्ट होता.

लिहिलं एकदाचं.  

याच्यापुढचं त्याहून वाईट आहे, म्हणून तेही लिहितो. पेपर सुटल्यावर बिभीषण काळी-पिवळी जीपनं आला. गाडीतून उतरून पळतच. त्यानं आधी काय बघितलं असेल? पट्ट्या. त्या जागेवर होत्या. त्यानं सुस्कारा टाकला, मला ऐकू आला.  मग मी फक्त खाली बघितलं, पाइपाकडं, जरा वेळ. तुम्हाला कळतंय ना मी काय केलं? मी त्याला सांगितलं नाही. मी त्याला ते सापडू दिलं.

त्यानं वाकून क्लॅम्पला बोट लावलं. तो नुसत्या बोटानं फिरला. बिभीषण तसाच वाकलेला राहिला. मग अजून एकदा फिरवून बघितला, जणू त्याला वाटलं होतं, दुसऱ्यांदा तो फिरणार नाही.

दादा चढून वर आला तेव्हा मी एवढंच म्हटलं, "खालचा क्लॅम्प सैल राहिला होता. पाणी गळून गेलं." कुणी सैल ठेवला ते सांगायची गरज नव्हती, कुणी आवळला होता ते सगळ्यांना माहीत होतं. दादा शिव्या देईल असं मला वाटलं. बिभीषणनं क्लॅम्प आवळायला स्क्रू-ड्रायव्हर उचलला होता; दादानं तो त्याच्या हातातून घेतला आणि सीटखाली टाकला.

"तू नको हात लावू आता," तो म्हणाला. "राहू दे."

मग माझ्याकडं वळून म्हणाला, "तुमाला उगं तरास झाला बघा, साहेब. एवढ्या उन्हात आलात."

इंजिन गेलं होतं. उष्णतेनं हेड वाकलं, पिस्टन आतच अडकून बसले. पुढं त्या गाडीचं काय झालं, ती कुणी ओढून नेली, दादा नंतर कुणाच्या गाडीवर रोजंदारीनं जायला लागला, हे मला तुकड्यातुकड्यानं कळलं. मनगटाला काय झालं असं बिभीषणनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, सायलेन्सरला लागलं. त्यानं मला मलम आणून दिलं.

शेवटच्या तोंडी परीक्षेआधी तो घरी गेला आणि परत आला नाही. मी प्रोजेक्ट एकट्यानं मांडला. रिपोर्टात 'मर्यादा' म्हणून एक प्रकरण असतं. त्यात मी लिहिलं की रचना यशस्वी होती. चाचणीनंतरचा बिघाड हा जोडणीतल्या मानवी चुकीमुळं, कूलंट पाइपचा क्लॅम्प अपुरा आवळल्यामुळं झाला. हेच ते वाक्य. काळ्या कव्हराची ती प्रत अजून पॉलिटेक्निकच्या लायब्ररीत आहे. पहिल्या पानावर आम्हा दोघांची नावं आहेत, आधी माझं.

सरांनी त्याला दोन-तीनदा फोन केले. त्यानं उचलले नाहीत. मग सरांनी मला पाठवलं. "त्याला सांग, अजून मुदत आहे," ते म्हणाले. ठरावीक वर्षांच्या आत राहिलेली परीक्षा दिली की डिप्लोमा पुरा होतो; ती वर्षं संपली की संपलं. "तू जोडीदार आहेस, तुझं ऐकेल."

मी गेलो. वस्तीच्या वर माळावर तो मेंढरांजवळ बसला होता; मला घेऊन तो घराकडं आला. त्याच्या आईनं बकरीच्या दुधाचा चहा दिला आणि माझ्याशी बोलत राहिली, पोरगा समोर बसलाय हे विसरून.

"ह्याला घिऊन जा बाबा माघारी. लई बदललाय. बाजंची दोरी ढिली पडली, म्हनलं जरा आवळ, तर म्हनतो दुसऱ्याला सांग. आपल्याच घरात सांगतो, माजा हात बरा नाय म्हून."

ती आत गेल्यावर बिभीषणनं मला विचारलं. हे विचारायला तो किती दिवस थांबला असेल?

"खरं सांग. तू हुतास तवा. म्या तो क्लॅम्प दोनदा आवळला हुता, मला ध्येनात हाय. एकदा पाइप बसवल्यावर, एकदा गाडी गरम करून. व्हय का नाय?"

व्हय. दोनदा. मी शेजारी उभा होतो, दुसऱ्या वेळेला टॉर्च मीच धरला होता. खरं सांगायचं दार नुसतं लोटलेलं होतं, ढकलायचं तेवढं होतं. मी चहाचा कप खाली ठेवला.

"मला दोनदाचं नाही आठवत," मी म्हटलं. "होतं रे कधी कधी. माणूस आहे."

 मग त्यानं हळूच मान हलवली. त्याला जे लख्ख आठवत होतं ते त्यानं माझ्या शब्दावर सोडून दिलं. मी ते डोळ्यांनी बघितलं. गाडी मोडली ती लोखंडाची होती. हे मोडलं ते दुसरं काहीतरी होतं, आणि हे मी ठरवून, समोर बसून, चहा पिऊन मोडलं.

सरांचा निरोप मी दिला. दिला म्हणजे कसा — "सर म्हणत होते ये म्हणून. बघ तुझं तू." मुदतीबद्दल बोललो नाही. तो म्हणाला, "नाय जमायचं मला. कुणाच्या तरी गाडीचं परत वाटूळं व्हायचं." मी आग्रह केला नाही.

आणि परत येताना घाट उतरत होतो तेव्हा मला कसं वाटलं, ते सांगू का? बरं वाटलं. हलकं वाटलं. सुटलो म्हणून तर होतंच; पण तेवढंच नव्हतं. आता वर्कशॉपमध्ये माझ्या जोडणीशेजारी कुणाची जोडणी असणार नव्हती. मला थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. तिथं हात चांगला असलेली पोरं कमी होती. एका सरांनी माझं काम बघून म्हटलंही, तुझा हात बसलेला आहे. पाना धरायची ती पद्धत मी बिभीषणकडून उचललेली होती. मी "थँक यू सर" म्हटलं.

मुदत मला ठाऊक होती. दरवर्षी परीक्षेचे फॉर्म सुटले की मला आठवायची. फोनमध्ये त्याचा नंबर आहे. दोनदा मेसेज लिहिला. 'क्लॅम्प तू आवळला होतास' एवढाच. दोन्ही वेळा पुसला. पहिल्यांदा प्रवेशाचं चालू होतं, दुसऱ्यांदा कंपन्या येणार होत्या. तिसऱ्यांदा लिहिलाच नाही. तेव्हा कारणही शोधलं नाही.

मी भित्रा होतो असं म्हटलं तर ते बरं दिसेल. भित्रा माणूस गप्प बसतो. मी गप्प बसलो नाही. मी दर वेळेला नेमकं ते बोललो ज्यानं तो अजून खाली जाईल.

मागच्या आठवड्यात मला डिप्लोमाच्या गुणपत्रिकेची एक प्रत लागली, म्हणून जुन्या पॉलिटेक्निकच्या ऑफिसात गेलो. खिडकीतल्या बाई त्याच आहेत. त्यांनी मला ओळखलं.

"तुमचा तो जोडीदार येऊन गेला की परवा," त्या म्हणाल्या. "खुलताबादचा. टीसी घेऊन गेला."

मी विचारलं, परीक्षेचं काही विचारलं का त्यानं?

"विचारलं ना. यंदा बसता येईल का म्हणाला. हात जरा बरा वाटतोय म्हणाला आता, काय लागलं होतं कुणास ठाऊक. मी रेकॉर्ड काढून बघितलं, तर मुदत संपलेली. गेल्याच परीक्षेला. मग म्हणाला, कागद तरी द्या."

बाईंनी माझ्या प्रतीसाठी नोंदवही काढली, तेव्हा परवाचं पान वरच होतं. त्यात त्याच्या टीसीची नोंद होती. नाव, जन्मतारीख, वर्तणूक — चांगली. कॉलेज सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात बाईंनी 'स्वेच्छेने' असं लिहिलं होतं, आणि त्याच्यापुढं बिभीषणची सही होती.